दाजींचं इंजिन ऑइल खातं

प्रिय राकेश,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन केला की तू "हां ताई, हां ताई" करतोस आणि विषय तुझ्या दाजींवर आला की गॅरेजात नेमकं गिऱ्हाईक उभं राहतं. पत्राला गिऱ्हाईक आडवं येत नाही, म्हणून लिहितेय. शेजारच्या मालनबाई पुतणीच्या लग्नाची पैठणी बघायला येवल्याला निघाल्यात, त्यांच्या हाती देतेय. त्यांना चहा पाज, पण पाकीट त्यांच्यासमोर फोडू नकोस. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सिडकोभर होते.

अंबडच्या शेडमध्ये आयुष्यभर लेथवर लोकांचे शाफ्ट घासून झाले, आमची लेक तेजल शिकली, नोकरीला लागली, तेव्हा मला वाटलं होतं की आता हा माणूस जरा टेकेल. जास्तीत जास्त एखादी सेकंडहँड गाडी घेईल आणि मला वणीला नेऊन आणेल. यांनी धुळ्याला खेपा घालून विमान चालवायचं लायसन्स काढलं आणि शेडमध्ये दोन सीटांचं विमान बांधायला घेतलं. माहेरी मी सांगितलं तेव्हा आईला वाटलं, मी नवऱ्यावर रागावून काहीतरी बरळतेय. आणि या सगळ्यात तू मेला त्यांचा उजवा हात. कुणा हौशी मुंबईकराची ठोकलेली जपानी स्पोर्ट्स कार भंगारात निघाल्याचं तुलाच कळलं, आणि "दाजी, रोटरी इंजिन सापडलं!" असं तू फोनवर ओरडलास, जशी काही यांच्यासाठी मुलगीच पसंत करून आलास.

ते इंजिन टेम्पोतून उतरलं त्या दिवशी अर्धं अंबड बघायला आलं होतं. प्रत्येक जण आधी वाकून बघायचा आणि मग विचारायचा, पिस्टन कुठंय? पिस्टन नाहीच म्हटल्यावर लोक माझ्याकडे बघायचे, बाईची फसवणूक झाली अशा नजरेने. चपट्या डब्यात तिकोनी ठोकळा गरागरा फिरतो, असे दोन डबे एकाला एक जोडलेले. दाजींच्या हाताखालच्या सोमनाथने पहिल्याच दिवशी त्याचं नाव समोसा ठेवलं आणि तेव्हापासून शेडमध्ये पुढचा समोसा, मागचा समोसा असंच चालतं. वजनाला हलकं, धडधड नाही, आत तुटण्यासारखं फारसं काही नाही, हे तुम्ही दोघं मला आळीपाळीने समजवायचात. पण गाडीचं इंजिन विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या मानाने फार जोरात फिरतं, म्हणून मध्ये वेग कमी करायचा गिअर पाहिजे. तो दाजींनी स्वतः कापला. ठिणगीची सोयही दुहेरी केली, एक गेली तर दुसरी. तेव्हा तुमच्या दोघांच्या तोंडावर काय तेज असायचं! माझ्या लग्नात दोघांपैकी एकाच्याही तोंडावर ते नव्हतं.

आणि तो जयंतीचा दिवस आठवतो का? आवाजाची तक्रार होऊ नये म्हणून तुम्ही मुद्दाम मिरवणुकीच्या संध्याकाळी इंजिन सुरू करायचं ठरवलंत. डीजेच्या आवाजात कुणाला काय कळणार, असा तुमचा हिशेब. इंजिन पेटलं आणि डीजेच ऐकू येईना. शेडचे पत्रे थरथरायला लागले, समोरच्या वडापाववाल्याचे कागद उडून मिरवणुकीवर फुलांसारखे पडले. मंडळाची पोरं धावत आली. मला वाटलं, आता भांडण. तर त्यातला संतोष हात जोडून म्हणतो, "काका, लय भारी साउंड हाय! पुढच्या वर्षी भाड्यानं द्याल का?" तू हसून हसून टायरवर बसलास. दाजीही हसले होते. नंतर दोघं शेजारीशेजारी जेवलात आणि मी वाढताना मनात म्हटलं, माझा भाऊ आणि माझा नवरा, दृष्ट लागू नये.

लागलीच. तेजलच्या साखरपुड्याला जे झालं ते मी उगाळत नाही, पण तुला त्याच्यानंतरचं काही माहीत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं उगाळते. इंजिन चाललं की त्यातलं ऑइल कमी होतं, हे दाजींनी बघितलं होतं. अंबडमध्ये ऑइल खाणारं इंजिन म्हणजे घरातला दारुडा. त्याला सुधारल्याशिवाय घरच्यांना चैन पडत नाही. सगळी हयात याच कामात गेलेला माणूस. बघितलं, आत ऑइल नेणारी एक बारीक नळी दिसली, लगेच पितळेचा छानसा स्क्रू बनवून ती बंद केली. ऑइल कमी व्हायचं थांबलं. सोमनाथने पेढे आणले. शेजारचे दोन कारखानदार येऊन पाठ थोपटून गेले. साखरपुड्याच्या पंगतीत हे कौतुक चाललेलं असताना तू ताटावरून मान वर केलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "दाजी, याला ऑइल खाऊ द्या. त्याच्या कडा त्यावरच ओल्या राहतात. नाही तर आतून सोलून निघेल." व्याही समोर बसलेले. दाजी म्हणाले, "आता येवल्याचे ट्रॅक्टरवाले आम्हाला इंजिन शिकवणार." आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलास. मटण मी स्वतः केलं होतं रे! त्याचा राग मला तुम्हा दोघांपेक्षा जास्त आहे.

तर पुढचं ऐक. दोन महिन्यांत इंजिनाचा दम गेला. फिरवावं तर नुसतं खोकायचं. एका रविवारी दुपारी दाजींनी ते एकट्याने उघडलं, मी बॅटरी धरून उभी. आतल्या भिंतींवर मांजरीने नखं मारावीत तसे ओरखडे, आणि त्या तिकोनी ठोकळ्यांच्या कडांच्या पट्ट्या झिजून गेलेल्या. मग म्हणाले, "मटेरियलच खराब होतं." पण तो पितळी स्क्रू त्यांनी काढला, नवे सुटे भाग बाहेरच्या देशातून मागवले, आणि आता पेट्रोलमध्ये ऑइल स्वतःच्या हाताने मापून मिसळतात, बाळाला औषध पाजावं तसं. तुझं बरोबर होतं, राकेश. हे त्यांच्या वतीने मी सांगतेय, कारण ते स्वतः सांगेपर्यंत जगातलं पेट्रोल संपून जाईल.

त्यांचं म्हणणं, मी जावई, मेहुण्याने आधी यायचं. तुझं म्हणणं, माझा अपमान झाला, दाजींनी आधी फोन करायचा. मी मध्ये टपालखातं. ते पेपर वाचता वाचता विचारतात, "येवल्याकडे कांद्याला काय भाव आहे?" यांना कांद्याच्या भावाशी काय घेणं? तू फोनवर विचारतोस, "शेडचे पत्रे गळतात का गं अजून?" तुम्हाला दोघांना काय विचारायचं असतं ते मला कळतं. इतके घोडे झालात, तरी लाज वाटत नाही.

मधल्या काळात विमानाला माझाही हात लागला. पंखांवर कापड चढवायचं होतं आणि यांना सुई धरता येत नाही. बायकांचे ब्लाऊज शिवण्यात माझी इतकी वर्षं गेली, तर पंख काय अवघड? पंखाच्या प्रत्येक फासळीला मी टाके घातलेत, गाठी मारल्यात, मग त्यावर यांनी तो उग्र वासाचा रंग चढवला. कापड ढोलकीसारखं ताणून बसलंय. सोमनाथ म्हणाला, वहिनी, फिटिंग एक नंबर. माझा टाका उसवणार नाही हे मी कुठेही छातीठोक सांगेन.

इंजिनाबद्दल असं सांगणारं मात्र शेडमध्ये आता कुणी नाही. म्हणजे सांगतात सगळेच. सोमनाथला काहीही विचारा, "होतंय की, साहेब." शेजारचे कारखानदार म्हणतात, तुमच्या हातचं काम, बघायलाच नको. दुरुस्त केलेलं इंजिन चालतं छान, आवाजही गोड आहे, पण जरा वेळ जोरात चालवलं की तापतं. काटा लाल रेघेकडे सरकायला लागला की दाजी बंद करतात. मी विचारलं तर म्हणाले, "इथं उभं आहे म्हणून. वर गेल्यावर वारा लागेल, आपोआप गार होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी इंजिनातली कुणी नाही, पण शिवणाच्या मशीनची मोटार तापली तर मी ती गच्चीवर नेऊन चालवत नाही, एवढं मला कळतं. तू असतास तर तिथल्या तिथे भांडला असतास.

आणि दिवस ठरलाय. परवानगीचे कागद आलेत. संक्रांत उलटली की पंख सोडवून विमान ट्रकवर घालायचं आणि धुळ्याच्या धावपट्टीवर न्यायचं. संक्रांतीच्या आधी का नाही, तर म्हणे येवलेकरांचा भरवसा नाही, मांजा लावून विमान काटतील. धुळ्यात येवल्याचा मांजा कुठून पोचणार? पण तुझी आठवण काढायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं.

आता हे का लिहितेय ते सांगते. परवा शेडमध्ये पहिल्या उड्डाणाची तयारी चालली होती. वजन सारखं राहावं म्हणून रिकाम्या सीटवर वाळूची गोणी बांधणार आहेत, सोमनाथ काट्यावर वाळू मोजत होता. मी सहज चेष्टेत म्हटलं, गोणी कशाला, मी आहे ना, मीच बसते. मला वाटलं हसतील, गोणी परवडली म्हणतील. राकेश, त्यांचं तोंड एकदम उतरलं. "नको. तू नको," म्हणाले आणि पाना शोधायला आत निघून गेले. पाना त्यांच्या हातातच होता. तेव्हा मला कळलं. स्वतःला घेऊन जायला हा माणूस तयार आहे, मला घेऊन जायला नाही. ज्या इंजिनावर मला बसवायची त्याची हिंमत नाही, त्यावर तो एकटा बसणार आहे, आणि "थांबा" म्हणणारं कुणी नाही. मी म्हटलं तर ते बायकोचं घाबरणं होतं. तू म्हटलंस तर ते ऐकतील. आधी चिडतील, पण ऐकतील. मला रात्रंदिवस भीती वाटते रे. म्हणून येत्या रविवारी ये. कुणी आधी फोन करायचा ते मेल्यावर ठरवा. इंजिन उघडून बघ, तापवून बघ, त्यांच्याशी हवं तेवढं भांड, आणि शेवटी उत्तर मला दे. तू हो म्हणालास तर ती गोणी खाली उतरवून त्या सीटवर मी बसणार, हे माझं ठरलंय. तू नाही म्हणालास तर विमान शेडमध्येच राहील आणि दाजींना मी बघून घेईन. ते वर्षभर माझ्याशी बोलणार नाहीत. न बोलू देत. न बोलणारा नवरा मी सांभाळीन, पण तो घरात असला पाहिजे.

तुझीच,
सविताताई