कोपराला कळलेलं पाणी

माय, यंदा चैत्र निम्मा सरला नाही तोच भालकीला उन्हानं डोकं वर काढलंय, आणि माझे सोनमासे मजेत आहेत. क्वार्टरच्या पडवीत काचेची पेटी आहे. सात उन्हाळे झाले, एकही मासा उन्हापायी मेला नाही. बढाईच मारायलेय, तर मारू दे, इतक्या वर्षांत तेवढा हक्क कमावलाय मी. दवाखान्यातल्या नव्या पोरी येऊन विचारतात, "सिस्टर, फ्रीजमधला बर्फ टाकला तर?" मी म्हणते, तू घामानं निथळत येशील तेव्हा तुझ्या डोक्यावर बर्फाची बादली ओतू का? मग मी त्यांना रीत सांगते. पेटी शहाबादी फरशीवर, खिडकीपासून लांब. काचेला चहूबाजूंनी ओलं गोणपाट, ते वाळू द्यायचं नाही, पेटीचं तोंड मात्र उघडं. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी तांब्या-तांब्यानं, हातभर उंचीवरून सोडायचं, कारण पाणी तापलं की त्यात माशाला श्वास पुरत नाही, धारेबरोबर हवा आत जाते. उन्हाळ्यात माशांचे दाणे निम्मे. आणि पाणी कसंय ते बोटानं नाही, कोपरानं बघायचं. हे सगळं तुझं, माय. मी त्यात काडीची भर घातलेली नाही.

तो उन्हाळा तुला सांगायला नको. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसलेली, पुढं गुलबर्ग्याला नर्सिंगला जायचं पक्कं. तू दवाखान्यात आया. डॉक्टरीणबाई महिनाभर म्हैसूरकडं आपल्या गावी निघाल्या, तेव्हा वरच्या गल्लीतली पक्क्या घरांची माणसं सोडून त्यांनी तुला विचारलं, "आयाम्मा, माझे मासे सांभाळशील?" तीन मासे होते. तू पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून वस्तीत आणलीस, पोर आणावं तशी. शेजारची काकू हसली, "पाळायचं तर शेळी पाळावी बाई. हे काय दूध देतंय व्हय?" तू पदरानं काच पुसत म्हणालीस, "दूध न्हाई देत. पर ज्या गावात आपल्या हातचं पाणी घ्यायला मानसं मागं सरतेत, तिथं बाईनं तिचे जीव आपल्या पाण्यात सोडलेत." तू रोज ड्यूटीवर जायच्या आधी कोपर बुडवून बघायचीस, वॉर्डात बाळाच्या न्हाणीचं पाणी बघायचीस तसंच, आणि मला बजावून जायचीस की गोणपाट घटकाघटकानं भिजव.

मला ते पटत नव्हतं. जाताना डॉक्टरीणबाईंनी मला ताप बघायचा थर्मामीटर दिला होता, ट्रेनिंगला कामी येईल म्हणून. अख्ख्या वस्तीत तो एकटा माझ्याकडं. एक दिवस सकाळी तू निघायच्या वेळी मी तो माठाच्या पाण्यात बुडवला, पारा उतरवायला झटकला, आणि पेटीत सोडला. पारा पहिल्या रेघेपर्यंतसुद्धा चढला नाही. मी तुला दाखवला. "बघ, पारा जागचा हलंना. पाण्याला ताप न्हाई. तू उगं कामून पोतं भिजवत बसायलीस?" तू हसलीस. "तुझ्या नळीला कळत नसंल. माझ्या कोपराला कळतंय की. पाणी तापायलंय." चार बायका ऐकत होत्या. मला राग आला. तू वळणावरून दिसेनाशी झालीस आणि मी गोणपाट काढून दोरीवर टाकलं.

अजून दिसतंय मला. डोक्यावर पत्रा, दुपार भरात आलेली, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायलेत. मी थर्मामीटर धरून बसलेय. चार वाजायच्या सुमाराला एक उलटा होतो. मग मी धडपडून उठते. गोणपाट भिजवते, गुंडाळते, तांब्यावर तांब्या उंचावरून ओतते. दोन वाचतात. तू आलीस तेव्हा गोणपाट चिंब होतं, फरशी ओली होती, तुझ्या रीतीत कुठं कसर दिसत नव्हती. तू मेलेला मासा तळहातावर घेतलास आणि म्हणालीस, "तू तर समदं केलंस ग. आपल्या पाण्यातच काय तरी असंल." मी मान डोलावली.

डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या हातून एक गेला बाई." त्या काही रागावल्या नाहीत. उलट पुढच्या उन्हाळ्याला पुन्हा विचारलं त्यांनी. तू हात जोडलेस. "न्हाई बाई, आमचं पाणी मानवत न्हाई त्यास्नी." मी सुट्टीवर आले होते, तिथंच उभी होते, पांढऱ्या साडीत.

ट्रेनिंगच्या पहिल्याच महिन्यात मला कळून चुकलं होतं की त्या थर्मामीटरची रेघ माणसाच्या अंगाच्या मापानं सुरू होते. पाणी माशाच्या जिवावर उठण्याइतकं तापलं तरी पारा तिथवर पोचत नाही. तेव्हापासून ही गोष्ट मी हसत सांगते, पोरींना शिकवताना तर हमखास. थर्मामीटरनं मला कसं फसवलं म्हणून. पोरी पोट धरून हसतात.

पण खोटं आहे ते, माय. त्या दुपारी दोन वाजता मी बाही वर करून कोपर बुडवलं होतं. कळलं मला. बाळाच्या न्हाणीपेक्षा जरासंच कमी कोमट पाणी लागलं कोपराला. गोणपाट दोरीवर होतं, हात लांबवला की मिळालं असतं. मी ते घेतलं नाही. एकदा तरी तू चुकावीस आणि चार बायकांनी ते बघावं, एवढंच हवं होतं मला. ते झालं, तुझी रीत करूनही मासा मेला असंच सगळ्यांनी धरलं. तू मरेपर्यंत स्वतःच्या घरच्या पाण्यात खोट आहे असं धरून चाललीस, आणि मी समोर बसून त्याच माठातलं पाणी पीत राहिले.

तुला वाचता येत नव्हतं. तुझी पत्रं मीच वाचून दाखवायची. हेही मलाच वाचावं लागलं असतं, तुझ्या तोंडाकडं बघत, आणि तू होतीस तोवर ती हिंमत मला झाली नाही. आता कागद घडी करून ट्रंकेत ठेवते, त्या थर्मामीटरच्या डबीखाली.

पाणी चांगलं होतं, माय. आपलं पाणी चांगलं होतं.