तणमोराची उडी

शुक्रवार, आषाढ वद्य पंचमी

श्रीगोंद्याच्या माळावर आज तणमोर पाहिला, उघड्या गवतातच राहणारा दुर्मीळ पक्षी! गवतातून सरळ वर उसळला, पंख फडफडवले आणि पुन्हा गवतात गडप. याच माळाला मी बातमीत ‘ओसाड’ म्हटलं होतं. ती वाचून वनखात्याने झाडांसाठी खड्डे आखले. गवताची संस्कृत नावं तोंडपाठ, पण गवत कधी पाहिलं का मी?

मेंढरं राखणाऱ्या ठकूबाई म्हणाल्या, “व्हय ओ पेपरवाले, लिवायच्या आदी बघत न्हाई का? झाडं लावल्यावर ह्यो उडंल कुठं?”

वनरक्षकाला फोन करून बोलावलं. त्याच्यासमोर पुन्हा तीच उडी! तो हरखला. “खोदाई थांबवतो, पण साहेबांना कारण काय कळवू?”

“कळवा, वार्ताहर चुकला.”

उद्या तेच छापायला देतोय. स्वतःची चूक छापायला इतका उतावीळ मी कधीच नव्हतो.