पेन्सिलीची टिचकी

प्रिय धाकट्या,

खोकं परत आलं. आत दादाने नीट करून पाठवलेला तुझा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, वर चिकटवलेली तुझी चिठ्ठी, आणि चिठ्ठीत पुन्हा तेच रडगाणं, की दादा, झकास झालाय, फक्त थोडी ऊब कमी वाटते. अरे, ऊब म्हणजे काय? तो अ‍ॅम्प आहे की रजई? झकास झालाय तर परत कशाला पाठवतोस, आणि परत पाठवायचाच आहे तर झकास कशाला म्हणतोस? सामान पोचवणारा माणूस ते धूड जिना चढवून आणतो, दारात टेकवतो आणि माझ्याकडे असा बघतो की जणू मीच मुद्दाम त्याची कंबर मोडायला हे चालवलंय. परवा विचारत होता, वहिनी, यात दगड आहेत का? म्हटलं, दगड असते तर बरं झालं असतं, ते एकदा ठेवले की जागचे हलत नाहीत.

फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो वहिनी, बघू वहिनी, जेवलात का वहिनी’ म्हणून सटकतोस. तुला लहानाचा मोठा करताना मी एवढा गुळगुळीत केला नव्हता. म्हणून लिहायला बसलेय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, शाळेत मी बाकापेक्षा दाराबाहेरच जास्त उभी असायची. लागेल तसं वाच, पण पूर्ण वाच.

तुझ्या चिठ्ठ्यांनी इथे काय झालंय ते आधी ऐक. घरभर ट्यूबा झाल्यात. त्या अंगठ्याएवढ्या काचेच्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा, अ‍ॅम्पच्या पहिल्या खोबणीत बसणाऱ्या. कपाटात ट्यूबा, शिवणयंत्राच्या खणात ट्यूबा, काल डाळीच्या डब्यामागे पुठ्ठ्याची पेटी सापडली, त्यातही ट्यूबा. तुझा दादा म्हणतो की गिटारचा आवाज आत शिरला की पहिल्यांदा उचलते ती हीच, पुढचं सगळं हिच्यावर. ही उतावळी असली की आवाज लगेच किंचाळायला लागतो, आणि जरा कमी जोराची, शांत असली की आवाज भरीव, गोलसर येतो. हे मला पाठ झालंय, कारण गेले कित्येक महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाही. जुन्या साठ्यातल्या ट्यूबा मागवल्या, नव्या कारखान्याच्या मागवल्या, कोणा म्हाताऱ्या रेडिओवाल्याच्या माळ्यावरच्या आणल्या. मला त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, म्हणून मी पेट्यांना लोकरीचे धागे बांधते. शांत ट्यूबांना तपकिरी, चिरक्या ट्यूबांना लाल. तुझा दादा अ‍ॅम्प बंद करतो, गार व्हायची वाट बघत नाही, फडक्यात धरून गरम काच उपटतो, दुसरी खोचतो, भिंतीवरची जुनी गिटार काढतो आणि त्याला येतात तेवढेच सूर छेडतो. मग मान हलवतो. दबलाय, म्हणतो. घुसमटलाय. तोंडावर उशी ठेवल्यासारखा आहे. आणि माझा तपकिरी धागा जमिनीवर.

तुला आठवतं का, तू हाफ पँटीत होतास तेव्हा हाच माणूस तुला दाराच्या पडद्याआड बसवायचा? मी या घरात नवीन आले होते आणि मला वाटलं होतं, कसलं हे खुळं घर. तो टेबलावर ट्यूब बदलायचा आणि तू डोळे मिटून आतून ओरडायचास, ही पातळ, ही भरलेली, ही मघाचीच आहे, दादा, फसवतोस. आणि तो खरंच फसवत असायचा. तू पकडलंस की असा खूश व्हायचा की मला स्वयंपाकघरातून हाक मारून सांगायचा, ऐकलंस का, याचा कान बघ. दोघांचं जेवण गार व्हायचं आणि मी मेली भांडी आपटत बसायची. ज्या कानामुळे आज लोक तुझी गिटार पैसे देऊन ऐकतात तो कान त्या पडद्याआड तयार झाला. हे मी तुला उपकार म्हणून सांगत नाहीये. पुढे लागणार आहे म्हणून सांगतेय.

आता मूळ गोष्ट. ट्यूब चांगली की वाईट हे बघायला तो अ‍ॅम्प चालू ठेवून तिच्यावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारतो. चांगली ट्यूब नुसती टक करते. बिघडलेली असली की ती टिचकी भोंग्यातून किंचाळत बाहेर येते, अगदी काचेवर नख ओढल्यासारखी. हे त्यानेच मला शिकवलं. पावसाळा संपता संपता एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या करत होते आणि तो नव्या पेटीतल्या ट्यूबा तपासत होता. एकीवर टिचकी मारली आणि अशी शिट्टी फुटली की माझ्या दातांतून कळ गेली. खालच्या घरातलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. आणि तुझ्या दादाने मान डोलावली, ती ट्यूब पुसली आणि चांगल्यांच्या डब्यात ठेवली. मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलेसुद्धा. त्याने वर बघितलं आणि विचारलं, काय झालं हसायला?

त्या दिवसापासून मी त्याच्यावर लक्ष ठेवलं. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते, हा शेजारी बसून तारा डागून जोडतोय. शेजारची छोटी दारात उभी राहून काका काका करते, तिचा आवाज बारीक, हा वळत नाही, आणि ती बिचारी रुसून जाते. माझा आवाज तुला माहीत आहे, फुटक्या हंड्यासारखा, म्हणून माझं सगळं त्याला ऐकू येतं. म्हणूनच इतके दिवस घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. बाईमाणसाचा घोगरा आवाज कधी कोणाच्या कामी येत नाही, आला तो असा. खालचं सगळं त्याला नीट ऐकू येतं. वरचं, बारीक, टोकदार जे असतं, ते गेलंय. मग शांत ट्यूब लावली की त्याला काहीच धड ऐकू येत नाही, आणि जी आपले कान फाडते ती त्याला बरी, मोकळी वाटते. तीच तो तुझ्या अ‍ॅम्पमध्ये घालतो. तू म्हणतोस ऊब कमी आहे. मग तो आणखी चिरकी शोधतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे नाचणारा चांगला आहे रे, त्याला वाजंत्रीच ऐकू येत नाही.

आणि हे एकट्या तुझ्या अ‍ॅम्पचं नाही. नाटकाच्या हॉलवाल्याने दुरुस्त झालेलं आपलं सामान नेलं आणि आठवड्यात तोंड वाकडं करत परत आणलं. म्हणे, गायिकेने कानांत बोटं घातली. तो चर्चमधला गिटारवाला, जो इतकी वर्षं दुसरीकडे पाऊल टाकत नव्हता, तो आता रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जातो. तुझा दादा म्हणतो, हल्लीच्या ट्यूबाच भिकार, कारखान्यांनी धंदा बुडवला. मी ऐकून घेते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

मी सांगितलं नाही असं समजू नकोस. मी काय गप्प बसणाऱ्यांतली आहे? सरळ समोर बसून म्हटलं, तुमचा कान गेलाय, डॉक्टरकडे चला. त्याने हातातली तारा डागायची सळई खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, भांड्यांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या बाईने मला सूर शिकवू नये. मग बरेच दिवस आमच्यात फक्त मीठ पुढे सरकवणं. डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी मी आरशात खोचली होती, तिच्या मागे त्याने स्क्रूचं माप लिहून ठेवलं. शेवटी एकदा तोच म्हणाला, आणि हे नीट ऐक, “माझ्यात काही कमी असतं तर धाकट्याने सांगितलं असतं. त्याच्या कानातून काही सुटत नाही.”

आता बोल.

कारण तुला माहीत आहे. मला माहीत नाही असं म्हणायची हिंमत करू नकोस, मी होते तिथे. मागच्या खेपेला तू आलास, तो तुला हौसेने नवी ट्यूब दाखवत होता, त्याने टिचकी मारली, ती किंचाळली. तुझा खांदा उडाला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तू त्याच्याकडे बघितलंस, तो तुझ्याकडे बघून हसत होता, वाट बघत होता, तसाच, पडद्याआडून तू काय सांगतोस याची वाट बघायचा तसा. आणि तू म्हणालास, झकास आहे, दादा. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि मी ट्रे ठेवायला वळले. तेव्हा तू खोटं बोललास ते मी समजू शकते, माणूस दचकतो. पण त्यानंतर घरी जाऊन तू विचार करून करून काय शोधून काढलंस, तर ऊब. सांगायचं तर आहे, पण सांगायचं नाही. त्याला दुखवायचं नाही म्हणून तू त्याला महिनोन्‌महिने ट्यूबांच्या ढिगात खणायला लावलंस. असं गोड बोलण्यापेक्षा शिवी बरी, तिच्यापाशी माणूस निदान थांबतो.

तुला वाटेल, वहिनी एवढी शहाणी आहे तर तिनेच करावं काहीतरी. केलं असतं. परवा तो दाढी करायला गेला तेव्हा अ‍ॅम्पचं मागचं फळकूट उघडं होतं. मी तपकिरी धाग्याची एक ट्यूब घेतली, पहिल्या खोबणीतली काढली, ही बसवली, तुझ्या दादासारखे सूर छेडले. आला की तुला हवा तो आवाज. भरलेला, मऊ, खोलीच्या कोपऱ्यांत जाऊन बसणारा. मी तो तसाच बंद करून तुला पाठवला असता तर तू खूश, तो खूश, सामानवाल्याची कंबर शाबूत. मी खुर्चीत बसले आणि मला इतका राग आला की काही विचारू नकोस. मग मी ती ट्यूब उपटली आणि त्याची चिरकी होती तशी बसवली. अरे, मी पुढची दहा वर्षं याच्या पाठीमागे ट्यूबा बदलत बसू? त्याने एका खोलीत काम करायचं आणि मी दुसऱ्या खोलीत ते खोटं करायचं? तो आंधळा झाला असता तर आपण त्याला रस्ता पार करून दिला असता, चालतोयस हो छान म्हणून गाड्यांत सोडला नसता.

मी तुला हे सगळं या आठवड्यात लिहितेय, मागच्या महिन्यात लिहिलं नाही, त्याला कारण आहे. तुझी ही चिठ्ठी वाचून त्याने ती घडी करून मीटरखाली सरकवली. मग उठून खाली गेला आणि भंगारवाल्याला सांगून आला. रविवारी सकाळी तो माणूस हातगाडी घेऊन येणार आहे. टेबल, मीटर, तारांची रिळं, ट्यूबा, सगळं उचलणार. मी विचारलं तर म्हणाला, “माझ्या हातात आता काही उरलं नाही. सख्ख्या भावाचा एक अ‍ॅम्प मला जमत नाही.” धाकट्या, त्याचे हात ठणठणीत आहेत. काल त्याने केसाएवढी तार पहिल्या फटक्यात डागली. कानाच्या डॉक्टरबाईंकडे मी जाऊन आले, त्या म्हणाल्या, तपासलं तर कळेल, कानात घालायचं यंत्र मिळतं, पुष्कळ परत येतं, सगळं नाही. आणि जे येणार नाही तेवढ्यापुरतं तू महिन्यातून एकदा येऊन त्या टेबलाशी बसलास तर तुझी बोटं झिजणार नाहीत. पण तो डॉक्टरकडे माझ्या सांगण्याने जाणार नाही. तो आपल्या हातांना दोष देऊन दुकान मोडेल, आणि आपण दोघं बाजूला उभं राहून गाडीवर सामान चढताना बघू. तेव्हा तू त्याला सांग, मला नाही. चिठ्ठीत नाही, तोंडाने. दादा, तुझे हात चांगले आहेत, तुला वरचं ऐकू येत नाही, एवढंच. तो चिडेल, फोन आपटेल, तू पुन्हा लाव. येऊन सांगितलंस तर सगळ्यात बरं, पलंग रिकामाच आहे. शनिवारी संध्याकाळच्या आत मला कळव, येतोस की फोन करतोस. यातलं एक. ‘बघू वहिनी’ हे उत्तर मी धरणार नाही.

चिडलेली, पण तुझीच,
वहिनी