चावीवाल्याचा तिसरा खंड

२ फेब्रुवारी

आलो बुवा एकदाचा! ही वही बॅगेत कोंबताना ताईने दम दिलाय : तू सगळं गिळून बसतोस, निदान कागदाशी तरी बोल. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, तेव्हा तिचं ऐकणं भाग आहे.

खोली वरच्या मजल्यावर. दोन खिडक्या, दुपारभर ऊन, आणि मी उताणा झोपलो की पाय बरोब्बर दाराला लागतात. खाली घरमालक काका एकटेच राहतात. भांडी घासताना गातात, कपडे पिळताना गातात, जिन्याला कुलूप लावतानाही गातात. आवाज असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. मी पोचलो तर भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला, आधी चहा.

काम कवळ्या बनवण्याचं. लॅबमध्ये कारागीर दोघंच. दुसरे ज्येष्ठ आहेत; जन्मभर जगाला दात पुरवले आणि स्वतःच्या तोंडात एक नाही. सगळे त्यांना ‘बोळकं’ म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात. स्वतःची कवळी का नाही बसवत, विचारलं तर म्हणाले, हलवायाला कधी लाडू खाताना पाहिलंयस का. मला पहिल्याच दिवशी त्यांनी मेण कोरायची आपली जुनी सुरी देऊन टाकली.

८ फेब्रुवारी

रविवार. लॅबच्या मागच्या गल्लीत पुस्तकांचं दुकान सापडलं आणि माझं दैव फळफळलं. कॉमिकचे सुटे अंक एकत्र बांधून काढलेले थोरले संग्रह! परातीएवढं पान, विटेसारखी जाडी. दुकानदार ते आडवेच ठेवतो. उभे ठेवले तर स्वतःच्याच वजनाने बांधणी उसवते म्हणे. मालिका तीन खंडांची : ‘चावीवाला’. पहिला उचलला, खांदे बदलत घरी आणला. मांडीवर मावेना. शेवटी जमिनीवर चादर टाकली आणि पालथा पडून दुपारी वाचून काढला.

काय शाई आहे! काळ्यात काळं, आणि तरी सगळं दिसतं. गावातल्या प्रत्येक कुलपाची चावी एका माणसाकडे असते. तो घरात शिरतो आणि एकच गोष्ट नेतो. दागिना नाही, कपडा नाही. एका गाणाऱ्या न्हाव्याचा आवाज त्याने चिमटीत धरून गळ्यातून ओढून काढला, सुईतून दोरा काढावा तसा. त्याचं तोंड मात्र चित्रात कुठेच दिसत नाही. प्रत्येक चौकटीत पाठच. जीव नुसता टांगणीला लागला.

९ फेब्रुवारी

काकांचा आवाज गेला. सर्दी नाही, ताप नाही. ओठ हलतात आणि नुसती हवा येते. दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, घसा आरशासारखा स्वच्छ आहे.

योगायोग. दुसरं काय असणार? परत येताना काकांनी माझा हात घट्ट धरला होता, तो सोडवून घ्यावासा वाटला.

१५ फेब्रुवारी

घर फार शांत आहे. ती शांतता सोसवेना म्हणून दुकानात गेलो आणि दुसरा खंड आणला. तो मी काकांसमोरून आणला नाही. ते मागे कपडे वाळत घालत होते तेवढ्यात जिना चढलो. चोरासारखा.

यात चावीवाला कुंभाराच्या बोटांतला स्पर्श नेतो. कुंभार चाकावर हात ठेवून बसून राहतो, माती आहे की नाही तेच कळत नाही. तोंड याही खंडात नाही. एकदा कान दिसला.

१६ फेब्रुवारी

बोळकं माझ्याशी बोलता बोलता मेण वितळवायच्या उकळत्या पाण्यात हात घालून उभे होते. हात तसाच आत. गप्पा चालूच. मी ओढून बाहेर काढला तेव्हा कातडी — नको. त्यांना काहीच दुखत नव्हतं. माझ्याच चेहऱ्याकडे बघून घाबरले. म्हणाले, अरे पोरा, तुला काय झालं?

मला काय झालं. मी वाचलं, हे झालं.

२१ फेब्रुवारी

दोन्ही खंड परत द्यायला गेलो. दुकानदार परत घेत नाही. फक्त इतकंच म्हणाला, शेवट नाही बघायचा का, तिसऱ्यात तो वळतो.

दोन परत द्यायला गेलो होतो. तीन घेऊन आलो.

२२ फेब्रुवारी

एक ताई धाकट्या भावाचे केस विंचरते आहे. मागे चावीवाला. ती चौकट पाहताच मला कळलं. खंड मिटता आला असता. खरंच, हात मोकळे होते माझे.

पान उलटलं.

मग फोन लावला. ताईने उचलला. “आपण कोण बोलताय?” म्हणाली. आपण! मला जन्मात तिने तुम्हीसुद्धा म्हटलेलं नाही. मी नाव सांगितलं. ती नम्रपणे म्हणाली, “तुमचा नंबर इथे ‘धाकटा’ म्हणून दिसतोय खरा, पण आमच्या घरी धाकटं कुणी नाही हो. मी एकटीच.”

२३ फेब्रुवारी

शेवटची पानं वाचली नाहीत. लॅबमधलं प्लास्टर कालवलं आणि तिसरा खंड त्यात पुरला. आता पांढरा दगड झालाय. पहिले दोन खंड पाणी तापवायच्या बंबात जाळले.

एक लिहायलाच हवं. प्लास्टर ओतण्याआधी मी तो प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळला. ओला होऊ नये म्हणून. ज्याला कायमचं गाडायचं त्याला कुणी असं जपतं?

२ मार्च

काका खोकले आणि खोकल्यात सूर होता! बोळकं सकाळपासून बोंबलतायत, हात दुखतो, हात दुखतो, आणि आनंदाने रडतायत. मलाच मिठी मारली. मी लाकडासारखा उभा.

५ मार्च

ताईचा फोन. मेल्या, इतके दिवस फोन का नाही केलास! मधे काहीतरी हरवलं होतं रे, म्हणाली, काय ते आठवत नाही, नुसती घरभर शोधत होते. रविवारी येतेय.

न वाचण्याने सगळं परत येतं. इतकं सोपं आहे. फक्त वाचायचं नाही.

७ मार्च

दगड पलंगाखाली. त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

लॅबमधून हातोडी आणलीय. कशाला आणली ते स्वतःला विचारलं नाही.

८ मार्च

फोडला.

पानं कोरडी. अगदी नवीकोरी —

काका खाली गातायत. खिडक्या लावून घेतल्या तरी ऐकू येतं. गाऊ नका हो काका —

शेवटचं पान आलं. जिना आहे. एक बाई वर चढतेय, काखेत पिशवी. तिच्या वरच्या पायरीवर तो. मान वळायला लागलीय — गाल दिसतोय — पुढची चौकट पलीकडच्या बाजूला —

फाटक वाजलं. काकांनी गाणं थांबवलं. ताईशी बोलतायत. हसतेय ती.

मिटायचं. आत्ता मिटायचं.

जिना. मला हाक मारतेय, लहानपणच्या नावाने —

आलो ताई. आलो, आलो — पान चिमटीत आहे — एवढं एक तोंड बघतो आणि मग लगेच —