राखणदाराचं शेत आधी

बाबा, परवा आषाढातली अवस होती आणि खाडीला पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमाराला येणार, हे मोबाइलनं सांगायच्या आधी मी बोटांवर मोजलं होतं. तिथीची पाऊणपट. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि वर थोडी खाडीची मर्जी. चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी मोडता मोडता तू हे शिकवलंस तेव्हा मी तिसरीत होते आणि मला पाऊणकी येत नव्हती. शाळेत गुरुजींनी छडी मारून जे जमलं नाही ते तुझ्या खाडीनं चार दिवसांत जमवलं. आता माझ्या टेबलावर भरतीचं छापील कोष्टक असतं, भिंतीवर पडदा असतो, त्यावर पावसाचे रंगीत ढग सरकत असतात. तरी ढग काळवंडले की माझी बोटं आपली चालू होतात. खात्यातली पोरं हसतात. हसू देत.

तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी उघाडीबद्दल लिहावं लागतं. खाडीच्या बांधातलं ते लाकडी दार. भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटायचं, ओहोटी लागली की पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. त्या दाराची राखण आपल्या घराकडे होती, आणि दाराला लागून, सगळ्यात खोल, आपलं शेत. गावाचा रिवाजच तसा होता. ज्याच्या हाती उघाडी त्याचं शेत तिच्या तोंडाशी. भरती आणि पाऊस एकदम आले की दार मिटलेलं, पाणी कोंडलेलं, अशा वेळी राखणदारानं पहिल्यांदा स्वतःच्या शेताचा बांध फोडून ते पाणी आत घ्यायचं. तेवढ्यानं वरची शेतं दोन-तीन तास तरतात आणि तोवर ओहोटी लागते. मी दहा वर्षांची असेन. भाताची आवणी, म्हणजे लावणी, होऊन आठ दिवस झाले होते आणि तू कुदळ घेऊन निघालास. आई दारात रडत होती. मी तुझ्या मागे धावत आले आणि म्हणाले, "बाबा, शेजारच्यांचा फोड ना, त्यांचं जास्त हाय." तू थांबलास. मारशील असं वाटलं होतं, मारलं नाहीस. म्हणालास, "ज्याच्या हातात दार, त्यानं दुसऱ्याच्या शेताकडं बगायचा नाय. बगितलास ना, की हात थांबतो." आणि पुढं गेलास. त्या वर्षी आपण विकतचा तांदूळ खाल्ला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तू बोललास त्याचं मात्र महिनाभर वाटत राहिलं.

मग शहर आलं. शेतं गेली, मिठागरं गेली, त्यांवर भराव पडला आणि भरावावर सेक्टर उभे राहिले. गाव होतं तिथंच राहिलं, म्हणजे चारी बाजूंनी जमीन चढली आणि गाव वाटीच्या तळासारखं खाली गेलं. खाडीच्या कडेनं धारण तलाव खणले, भरतीच्या वेळी शहराचं पाणी साठवायला, आणि त्यांना लोखंडी झडपा बसवल्या. तू पहिल्यांदा त्या पाहिल्यास तेव्हा खो खो हसलास. "आपलीच उघाडी, लोखंडाची केली!" पण नंतर रोज संध्याकाळी तलावाच्या कठड्यावर जाऊन उभा राहायचास आणि घरी आल्यावर कुरकुरायचास. "पान्याला जागा ठेवलीन, राखनदार नाय ठेवला." मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तू मला गमबूट आणलेस, पुरुषी मापाचे, दोन बोटं मोठे. मैत्रिणींना त्यांच्या वडिलांनी घड्याळं दिली होती. मी रुसले होते. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी याच शहराच्या जलनिस्सारण खात्यात लागले आणि पहिल्या पावसाळ्यात दोन-दोन मोजे चढवून तेच बूट घातले.

आता तलाव अर्धेअधिक गाळानं भरलेत. त्यात कांदळवन वाढलंय. ते तोडायचं नाही हे बरोबरच आहे, पण पाण्याची जागा गेली ती गेलीच. पाऊस पूर्वीसारखा चार दिवसांत पडत नाही, चार तासांत पडतो. भिंती किती उंच करणार? मी वर्षभर खात्यात एकच गोष्ट सांगत राहिले, की पाण्याला आणखी जागा द्या. आमच्या सोसायटीला लागून एक मोठं मैदान आहे, आजूबाजूच्या सगळ्यात खोल. नाल्याच्या भिंतीत तिथं एक झडप बसवायची, तलाव लाल रेघेपर्यंत भरला की ती उघडायची, पाणी मैदानात उतरेल, गाव वाचेल, ओहोटीला परत काढून घेऊ. मैदान भरलं की आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरणार, हे मी लपवलं नाही. सोसायटीच्या सभेत काय रणकंदन झालं म्हणून सांगू! "मॅडम, गावात पाणी भरतं तर गाववाल्यांचा प्रॉब्लेम आहे, आमच्या डोक्यावर टेन्शन कशाला?" एक आजोबा तर उभेच राहिले, "तुमी पण इथंच राहता ना? मग?" तेव्हा मी तुझी गोष्ट सांगितली. कुदळ, आई, आठ दिवसांची आवणी, सगळं. म्हटलं, राखणदाराचं शेत आधी, म्हणून तर माझ्याच सोसायटीचं मैदान निवडलंय. दोन बायकांनी डोळे पुसले. झडप मंजूर झाली, बाबा, तुझ्या जिवावर.

परवा सकाळी सहालाच मी पंपघरात हजर होते. झडप उघडायचा लेखी हुकूम साहेबांनी आदल्याच दिवशी हातात दिला होता: पाणी लाल रेघेला लागलं की विचारायला थांबू नका. सोसायटीला सातलाच निरोप गेला, गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावा. पावसानं आठला जो जोर धरला तो सोडलाच नाही. पंपघरात माझ्याबरोबर आपल्या गावचाच ऑपरेटर आहे, निवृत्तीला आलेला, तुझ्या हाताखाली बांधावर माती टाकलेला. नोकरीत मला मॅडम म्हणतो, घाबरला की बाय म्हणतो. अकराला खाडीकडच्या झडपा भरतीनं मिटल्या. लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर तलावातलं पाणी फक्त चढायला लागलं. मोजपट्टीवर पांढरं, पिवळं, आणि अकरा वीसला लाल.

"बाय, लालला लागलं. उघरू का?"

मी म्हणते, "थांबा जरा."

तो झडपेच्या चाकावर हात ठेवून उभा आहे. मी फोन लावते, बोलते, ठेवते. पाणी रेघेच्या वर बोटभर. फोन वाजतो. आपल्या जुन्या घराच्या तळमजल्यावर एक साताऱ्याकडचं जोडपं भाड्यानं राहतं. तो मार्केटात माथाडी आहे, पहाटेच कामाला गेलेला. ती बाळंतीण, पोट फाडून झालेली, बाळ नऊ दिवसांचं. ती फोनवर आहे. "ताई, मोरीतनं पाणी उलटं यायला लागलंय ओ. बाळाला कुठं ठिवू?" मी म्हणते, वर जा, माझ्या भावाकडे जा, आत्ता. "जिना भाईरनं हाय ताई, गल्लीत गुडघाभर पाणी हाय, माझं टाकं वलं हायत." मी म्हणते, भावाला सांगते, तो खाली येईल. भावाचा फोन लागत नाही. ऑपरेटर माझ्याकडे बघतोय. "मॅडम, कुनाची वाट बगताव?" मी म्हणते, "वरून फोन येतोय, दोन मिनिटं." तो मान हलवतो. त्याचा माझ्यावर विश्वास आहे. पाणी तीन बोटं वर गेलंय. फोन वाजतो, मी दाराबाहेर पावसात जाऊन घेते, ऐकते, आत येते आणि ओरडते, "उघडा!" अकरा चौतीस.

झडप छान चालली. नाल्याचं पाणी मैदानात असं उतरलं की बघत राहावं. पाच मिनिटांत तलावाची चढण थांबली, गावातलं पाणी मांडीच्या वर गेलं नाही, अडीचनंतर ओसरायला लागलं. आमच्या तळघरात कमरेएवढं पाणी झालं आणि एकाही माणसानं तक्रार केली नाही. खात्यात पाठ थोपटली गेली. साहेब म्हणाले की आता अशी आणखी तीन मैदानं शोधा, आणि मी शोधणारच आहे, कारण उपाय खरा आहे. पण भावाला फोन लागून तो खाली पोचायच्या आधीच ती पोरगी निघाली होती. बाळाला पातेल्यात ठेवून, पातेलं डोक्यावर धरून, गुडघ्याचं पाणी मांडीला लागत असताना जिना शोधत. दुसऱ्या पायरीवर घसरली. पातेलं सोडलं नाही तिनं. बाळाला काही झालं नाही, तिचे टाके मात्र उसवले. परत घालावे लागले, आणि ती अजून दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, बरी होईल. मी दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

काल तिचा नवरा ऑफिसात आला. मार्केटातून डाळिंबांची पिशवी घेऊन. माझ्या टेबलासमोर उभाच राहिला, बसा म्हटलं तरी बसेना. "ताई, तुमी येळंवर दार उघाडलं म्हनून माझी दोगं हायत. आनखी धा मिन्टं झाली असती तर काय खरं नव्हतं." ऑपरेटर तिथंच होता. तो म्हणाला, "बापाची पोरगी हाय." मी पिशवी घेतली.

बाबा, वरून कुणाचाच फोन यायचा नव्हता. हुकूम माझ्या खिशात होता. सकाळी मी खात्याच्या जीपनं निघाले आणि आमची गाडी तळघरातच राहिली होती. लाल रेघ बघितली आणि पहिली आठवली ती गाडी. तुझ्या नातवाला फोन करून म्हटलं, आधी गाडी काढ, पुलावर ने, मग मला सांग. त्याला किल्ली सापडेना. ती सापडून गाडी बाहेर निघेपर्यंत चौदा मिनिटं मी चाकावरचा दुसऱ्याचा हात थांबवून ठेवला. गाडीला एक थेंब लागला नाही. तुझा पत्ता असता, तरी हे पत्र मी टाकलं नसतं.