उपवासाला न चालणारी गोळी

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बीपीच्या गोळीनं उपवास मोडतो का?

मला माहीत नाही. बी.एस्सी. झाले, संस्थेचं ट्रेनिंग झालं, गावोगाव बायकांपुढं उभी राहून ‘बाईचं हृदय’ या विषयावर बोलते — पण हे मला कुणी शिकवलं नाही. आज सास्तूरला सारजाबाईंनी विचारलं. दंडाला पट्टा बांधलेला, यंत्र फुसफुसतंय, आणि त्या म्हणाल्या, “घट बसले की म्या गोळी सोडती. पोटात काय गेलं की मोडलाच की!”

मावशी, ते औषध आहे, अन्न नाही, असं मी म्हणाले.

“देवीला इचारून आला व्हय?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग एकदम — “तुमी धरता का उपवास?”

नाही म्हणाले. खोटं कशाला बोलायचं!

“मंग ऱ्हाऊ द्या.” पट्टा त्यांनीच सोडला. पुढच्या दोघी न मोजताच उठल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

आज आईला विचारलं. तिलाही गेल्या वर्षापासून गोळी आहे. भाकरी थापता थापता म्हणाली, “मग! सोडणारच. नवसाचा हाय माझा.”

माझ्याच घरात! आणि मी लोहाऱ्याहून जीप पकडून दुसऱ्यांच्या आयांना शिकवायला जाते.

अण्णांच्या हृदयात सोलापूरला स्प्रिंग बसवली तेव्हा ती तुळजाभवानीला बोलली होती — पाच वर्षं नऊ दिवसांचे कडक उपवास, आणि घट उठेपर्यंत गावाची शीव ओलांडणार नाही. हे चौथं वर्ष. म्हणजे अण्णांच्या हृदयासाठी ती स्वतःच्या हृदयाची गोळी सोडते. लिहिलं तरी पटत नाही.

अण्णांची भाजी वेगळी — कमी तेल, कमी मीठ. गोळी वेळेवर, पाण्याच्या तांब्यासकट हातात. आई सगळ्यांच्या मागून बसते. खाराची मिरची, शिळी भाकर, उरलेलं तिखटजाळ कालवण. “मला काय झालंय?”

३ ऑक्टोबर, गुरुवार. पहिली माळ

घट बसले. गोळ्यांची पट्टी शिंक्यावरच्या डब्यात गेली. माझ्यासमोर ठेवली, लपवलीसुद्धा नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

खूप हुशारी करायला गेले. तुळजापूरच्या आमच्या पुजाऱ्यांच्या घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, “औषधाला दोष नाही, वनमालाबाई. खुशाल घ्या.” आईनं फोनला हात जोडले. मला वाटलं, जिंकले!

फोन ठेवल्यावर म्हणते, “त्यांचं बरोबर हाय. पण बोललेलं म्या हाय, त्यांनी न्हाय. खंड पडला अन् ह्यांना काय झालं, तर?”

तर — काय? काही होणार नाही, हे मी लिहून देऊ शकते का? अण्णांचं हृदय मला तरी कुठं दिसतं!

तेवढ्यात शेजारच्या रुद्रम्मा आल्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपले उपवास सुनेला दिले. “चालतंय की, वनमाला. देऊन टाक.”

“आधी सून तर येऊ दे! रणधीरला अजून कुणी पोरगी दाखवंना.” दादा बिचारा ताटावरून उठून गेला.

“लेकीला दे मग,” रुद्रम्मा म्हणाल्या.

आई माझ्याकडं बघून इतकी हसली! “ही? हिचं तोंड बघा. हिला शिकवलंय उपाशी ऱ्हाऊ नका म्हणून.”

मी चिडले. मला शिकवलंय हे खरंच आहे. अंगावर काढू नका, उपाशी राहू नका, नवसावर विसंबू नका — हे मी रोज सांगते, पगार घेऊन सांगते. आणि मीच नवसाला बसू? मग कुठल्या तोंडानं सांगू?

७ ऑक्टोबर, सोमवार

आईचं बीपी एकशे ऐंशीच्या वर. यंत्र बिघडलंय म्हणाली. माझं मोजून दाखवलं, बरोबर आलं. “तुझं यंत्र तुलाच मानतंय.”

पाठीत भरून येतंय. जिना चढताना दोनदा थांबली. साबुदाण्याचं पित्त म्हणे! ट्रेनिंगमध्ये हेच घोकून घेतलं होतं — बाईच्या छातीत दुखेलच असं नाही. जबडा, पाठ, धाप, घाम, नुसता थकवा. म्हणूनच उशीर होतो. बायकांना हे मी किती ठासून सांगते! आईला सांगितलं तर म्हणाली, “तोंडावर पाणी मार, लई तापलीस.”

अण्णांना म्हणाले, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल. ते खाली बघत म्हणाले, “दसरा होऊ दे. मंग नेऊ उमरग्याला.” दुपारची गोळी त्यांच्या हातात होती. मी बघत होते. त्यांनी मूठ मिटली, पण घेतली नाही. मग मी उठले तेव्हा घेतली असावी.

त्यांनाही भीती वाटते. नवस मोडायची. हे मला आजच कळलं.

९ ऑक्टोबर, बुधवार, दुपार

आई बोअरवरून घागर आणताना मधेच बसली. जबडा धरून. घामानं पोलकं भिजलेलं, आणि आज ऊनसुद्धा नव्हतं. थोड्या वेळानं कमी झालं म्हणते. संस्थेच्या डॉक्टर मॅडमना फोन केला — आत्ताच्या आत्ता ॲस्पिरिन चावायला द्या आणि न्या, दवाखान्यात हृदयाची पट्टी, ईसीजी, काढा.

ॲस्पिरिन? तोंड घट्ट मिटलं. जीप? “घट टाकून? दिवा कोण बघंल?” मी बघते म्हणाले. “तू कोण बघणार! धरलायस का तू?”

ओरडले. रडले. पाया पडले. दादा म्हणाला उचलून नेऊ, तर तिनं खांब धरला. हातात ताकद नाही, तरी धरला. अण्णा ओट्यावर, पाठ करून.

मला सगळं माहीत आहे. सगळं! त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्याच दिवशी, रात्र

दिवेलागणीला घटापुढं नारळ ठेवला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं बोलले — आईचा नवस मी घेतला. यंदाचे उरलेले दिवस आणि पुढचं वर्ष माझं. शीवही माझी.

आईनं खांब सोडला. “तू शिवंच्या भाईर पाय टाकलास तर सलाईनच्या सुईसकट उठून यीन.” मग तोंड उघडलं. ॲस्पिरिन चावली. जीपमध्ये अण्णांनी तिला धरून बसवलं.

आत्ता उमरग्याहून दादाचा फोन आला. पित्त नव्हतं. आत घेतलंय, सोलापूरला न्यावं लागेल म्हणतात. डॉक्टरांना काय काय सांगायचं ते मी त्याला फोनवरून सांगतेय. तिथं मी असायला हवी होते. मी दिव्यात तेल घालतेय.

सारजाबाई परत विचारतील. धरलाय म्हणेन.