दोर त्याच्याकडे, की त्याच्या अंगावर

आबा, आज तुम्हाला लिहायला बसले ती एका पाटीमुळे. मी आता दिवेआगरला राहते. शेजारच्या बाईची वाडी वादळात आडवी झाली, तेव्हापासून ती घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते. सकाळी ती एक पुठ्ठा घेऊन आली. पर्यटक कुत्र्यांना पोळ्या टाकतात आणि मग कुत्री तिच्या अंगणातून हलत नाहीत, म्हणून तिच्या मुलीने त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'डू नॉट थ्रो फूड ॲट डॉग्ज'. म्हणजे कुत्र्यांना अन्न फेकून मारू नका. मला हसू आलं. मी पेन घेतलं, 'ॲट' खोडलं, वर 'टू' लिहिलं. बाई शांतपणे म्हणाली, "बाई, ॲट काय नि टू काय, कुत्रा खानारच हाय." पुठ्ठा काखेत मारून ती गेली आणि मी त्याच उघड्या पेनाने ओटीवर हे लिहायला घेतलं.

जन्मभर मी शाळेत हेच इंग्रजी शिकवलं, आबा, आणि जन्मभर मला त्याचा राग येत राहिला. आपल्या भाषेत क्रियापदच वाट दाखवतं. चढ म्हटलं की वर, उतर म्हटलं की खाली, शीर म्हटलं की आत. इंग्रजीत एक 'गो', एक 'कम', एक 'गेट', आणि त्यांच्या मागे चिकटलेला टिचभर शब्द. सगळा भार त्या टिचभर शब्दावर. मुलं बसमधून 'गेट डाउन' व्हायची, मी लाल शाईने त्यांना 'गेट ऑफ' करायची. का, असं एखादी पोर विचारायची. 'रन इन्टू' केलं तर माणूस रस्त्यात अवचित भेटतो, 'रन ओव्हर' केलं तर गाडीखाली जातो. हे पाठच करायचं, असं मी खेकसून सांगायची. मुलांना वाटायचं, बाई आपल्यावर चिडल्यात.

मला तो मे महिना आठवतो. मी सातवी संपवून मुंबईहून दिघीला आलेली. आत्या नन्सच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला होती म्हणून मला तिथे प्रवेश मिळालेला, आणि त्याचं तुम्हाला काय कौतुक. दिघी-आगरदांडा लाँचवर तुम्ही खलाशी. लाँच धक्क्याजवळ आली की पुढे उभं राहून दोर फेकायचा, धक्क्यावरच्या मुकादमाने तो झेलून लोखंडी खुंटाला अडकवायचा. त्या दुपारी वारं होतं. लाँच हेलकावली, मुकादम कुणाशी तरी बोलत मान वळवून उभा होता, आणि दोराचा भिजलेला जड फास त्याच्या तोंडावर बसला. तो मागच्या मागे पडला, मनगट मोडलं. आदल्या दिवशी तुमची आणि त्याची बाचाबाची झाली होती. साऱ्या धक्क्याने ती ऐकली होती. दुखापत झाली म्हणून लाँच कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसने तुमच्याकडे लेखी जबाब मागितला.

लाँच चालवणारा सारंग तुम्हाला म्हणाला होता, मराठीत दे, मी सही करतो. तुम्ही ऐकलं नाहीत. साहेब मराठी वाचत नाही आणि आपली पोर कॉन्व्हेंटात आहे, मग दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघायचं. आई चुलीपुढे सुकट भाजते आहे, घरभर धूर, आणि मी रेघांचा कागद मांडीवरच्या पाटावर ठेवून लिहिते आहे. तुम्ही समोर उकिडवे बसून एकेक वाक्य सांगता, जणू मी मॅजिस्ट्रेट आहे.

"लिव. मी दोर त्याच्याकडं टाकला. नेहमीसारका."

मी अडले. 'टू' की 'ॲट'? शाळेत सिस्टर आमच्याकडून घोकून घ्यायच्या, लुक ॲट, पॉइंट ॲट, एम ॲट. आणि 'टू' म्हणजे गो टू स्कूल, कम टू मी. मी माझ्या अकलेने ठरवलं की स्वतःच्या पायाने जातो त्याला 'टू', आणि नेम धरून जातं त्याला 'ॲट'. दोर काही चालत जात नाही. मी लिहिलं, 'आय थ्रू द रोप ॲट हिम, ॲज ऑलवेज.' म्हणजे मी त्याला दोर फेकून मारला, नेहमीसारखा. वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता. तुम्ही कागद हातात घेऊन उजेडाला धरलात आणि आईला म्हणालात, "बघ, कसं मोत्यावानी हाय."

पावसाळ्यात लाँच बंद. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तुमच्या जागी दुसरा खलाशी होता आणि तुम्ही मालाच्या शेडच्या दारात, राखणदाराच्या खुर्चीवर. ऑफिसचं इंग्रजी पत्र आलं होतं, ते तुम्ही माझ्यासाठी दिवाळीपर्यंत ट्रंकेत जपून ठेवलंत. मी आल्यावर पाय धुऊ दिलेत आणि पत्र पुढे केलंत. तुमच्या स्वतःच्या जबाबानुसार तुम्ही दोर त्याच्या अंगावर फेकला, तोही नेहमी फेकता, सबब तुम्हाला पाण्यावरच्या कामावर ठेवता येत नाही, असं त्यात होतं. त्या 'ॲट'खाली साहेबाने रेघ मारली होती. मी तुम्हाला मराठीत सांगितलं, लिहिलंय की तुम्ही दोर त्याच्याकडे टाकला.

तुम्ही म्हणालात, "तेच तर लिवलं व्हतं ना आपन? मग चुकलं काय?"

मी खांदे उडवले. तुम्ही पत्राची घडी घातलीत. मुकादमाने कान भरले असणार, असं तुम्ही धरून चाललात आणि मरेपर्यंत त्या माणसाशी बोलला नाहीत. त्याने बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं. उलट आल्यागेल्याला तुम्ही सांगायचात, पोरीनं इंग्रजीत लिवून दिलं म्हणून निदान नोकरी तरी राह्यली. पुढची सगळी वर्षं तुम्ही त्या खुर्चीवर काढलीत. मी सुट्टीत डबा घेऊन यायची तेव्हा बघायची. लाँच धक्क्याला लागायची, नवा खलाशी दोर फेकायचा, आणि तुमचा उजवा हात मांडीवरच जागच्या जागी हलायचा.

'थ्रो ॲट' म्हणजे काय ते मला बी.ए.ला कळलं, असं मी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, माझ्या वर्गांनाही कितीदा सांगितलं. बघा, एका शब्दाने माझ्या वडिलांचं पाण्यावरचं काम सुटलं, आणि मला ते कळेपर्यंत सात-आठ वर्षं गेली. मुली ऐकायच्या. एकदोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ते खोटं आहे. शाळा उघडल्यावर जून महिन्यातच सिस्टरनी खडूचा एक तुकडा पहिल्या बाकावरच्या मुलीकडे अलगद टाकला, तिने तो झेलला, त्या म्हणाल्या, टू. मग दुसरा तुकडा मागे गप्पा मारणारीला नेम धरून मारला आणि म्हणाल्या, ॲट. वर्ग हसला. मला जबाबातलं ते 'ॲट' आठवलं. साहेबाचा निकाल तेव्हा लागायचा होता, आबा. लाँच बंद होती, मध्ये सगळा पावसाळा होता. एक कार्ड टाकलं असतं तर तुम्ही सारंगाला धरून मराठीत दुसरा जबाब दिला असता. मी कार्ड आत्याकडून मागूनही घेतलं होतं. वर तुमचा पत्ता लिहिला, इंग्रजीत, आधी 'टू', मग तुमचं नाव. ते 'टू' अगदी बरोबर होतं. खाली काही लिहिलं नाही.

तुमची नोकरी जाईल अशी भीती मला वाटली नव्हती. तेवढं मला कळतही नव्हतं. तुम्ही कागद उजेडाला धरून 'मोत्यावानी' म्हणाला होतात, ते तुम्ही परत घ्याल, एवढीच भीती होती.